लंगोटाचा पक्का

इलाहीने माझ्या लंगोटाच्या पट्टीत हात घातला आणि मी किंचाळलो.

नुसता ओरडलो असतो तर कुणी ढुंकूनही बघितलं नसतं. तालमीत भल्या सकाळी सगळे गडी एकमेकांना लोळवत असतात, कुणी ना कुणी ओरडतंच. पण माझ्या तोंडून जो आवाज निघाला तो पायावरून उंदीर गेल्यावर आमची धाकटी चुलती काढते तसला होता. नव्वद किलोचा गडी आणि तो आवाज! मातीच्या हौदातल्या कुस्त्या जागच्या जागी थांबल्या. जोर मारणारे वर आले ते वरच राहिले. इलाही तर दोन्ही हात वर करून उभा राहिला, पोलीस आल्यासारखा.

"काय झालं रं, हिंदुराव?" कट्ट्यावर बसलेल्या दौलू वस्तादांनी विचारलं.

"काय न्हाई वस्ताद. मुंगी चावली."

"हौदात? मुंगी?"

आमच्या हौदातल्या तांबड्या मातीत हळद, कापूर, लिंबू, तेल आणि ताक इतकं मुरलेलं असायचं की मुंगी आलीच तर वाटेत विचार बदलून परत जायची. वस्तादांना हे माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. त्यांनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं, आणि मी गुडघे जवळ घेऊन कोपऱ्यात सरकलो.

आता माझं वजन विचारू नका, गुडघ्यांची तर गोष्टच सोडा. पण तेव्हा मी तेवीस वर्षांचा होतो, कॉलेज सोडून तालमीत राहायला आलो होतो, आणि आठवड्यावर आलेल्या जत्रेत माझी कुस्ती लागली होती. अंगाला तेल लावून बाजारातून चाललो की दुकानदार गिऱ्हाईक सोडून बघायचे. असा मी गेले कित्येक दिवस आतून पार हैराण झालो होतो. तिथं, म्हणजे जिथं सांगायची सोय नाही तिथं, खाज सुटली होती. मग आग व्हायला लागली. मग लघवीला गेलो की डोळ्यांतून पाणी. कातडीचं टोक सुजून लालभडक झालं होतं आणि वासाबद्दल मी काही लिहीत नाही.

आता कुणीही म्हणेल, अरे, मग धुवायचं नाही का? इथंच तर सगळं घोडं अडलं होतं. तालमीत दाखल होताना वस्ताद प्रत्येकाकडून शपथ घ्यायचे. आम्ही मारुतीच्या पायावर हात ठेवून घेतली, इलाहीने हौदातली माती कपाळाला लावून घेतली. दारू नाही, तंबाखू नाही, परस्त्री आईसारखी. आणि शेवटचं कलम, "लंगोटाच्या आतल्या जागंला हात लावायचा न्हाई. ती आपली न्हाई, ठेव हाय. ठेवीला हात लावायचा नसतो."

बाकीचे गडी ही शपथ कशी पाळत होते देव जाणे. मी मात्र अक्षरशः पाळली. आंघोळ दिवसातून दोनदा, पण लंगोटावरूनच पाणी ओतायचं. लघवीला उभा राहिलो तरी दोन्ही हात कमरेवर. त्यात जत्रेची कुस्ती लागली की ती होईपर्यंत लंगोट धुवायचा नाही, घामाबरोबर ताकद निघून जाते, अशी आमच्यात पक्की समजूत. असा माझा सगळा कारभार अगदी चोख चालला होता.

बरं, दुखण्यावर औषध म्हणजे तालमीत एकच. मुरगळलं, माती लाव. गळू आलं, माती लाव. ताप आला तरी कपाळावर मातीचा लेप. त्या दिवशी दुपारी सगळे जेवून आडवे झाल्यावर मी वाटीभर ताकात हौदातली माती कालवली आणि मागच्या पडवीत गेलो. शपथ मोडू नये म्हणून हाताने लावली नाही. पळीने ओतली.

त्या मातीत लिंबू असतं हे मला माहीत होतं. लिंबं मीच पिळली होती.

इलाही पाणी प्यायला उठला तेव्हा मी पडवीत एका पायावर गोल फिरत होतो. एका हातात पळी, दुसऱ्या हाताची मूठ तोंडात.

"ह्यो कुठला डाव म्हणायचा?" त्याने विचारलं.

मग मात्र मला राहवलं नाही. मी सगळं सांगून टाकलं. इलाही माझ्याच वयाचा, माझा रोजचा जोडीदार, एका ताटात जेवणारा. तो गंभीर चेहरा करून ऐकत होता, पण पळीपाशी आलो तेव्हा त्याला भिंतीचा आधार घ्यावा लागला. हसून हसून तो खालीच बसला.

"हसतोस काय? काय करू ते सांग!"

"मला काय इचारतोस गड्या? माझा त्यो परश्न लहानपणीच मिटलाय. तिथं माती बसाय जागाच न्हाई."

"म्हंजी... कापाय लागंल?"

"मी कुठं तसं म्हणालो?"

"जत्रा तोंडावर आली, इलाही!"

"अरं डाक्टरला दाखव की. शपथ तुझ्या हाताला हाय, डाक्टरच्या न्हाई."

हा मुद्दा बिनतोड होता. मी विचार करत होतो तेवढ्यात पडवीच्या दारात वस्ताद उभे दिसले. केव्हापासून उभे होते कळायला मार्ग नव्हता. माझे फाकलेले पाय आणि हातातली पळी त्यांनी बघितली.

"आत ये," ते म्हणाले. "एकटा."

वस्तादांची खोली म्हणजे एक खाट, मारुतीची तसबीर आणि कोपऱ्यात गदा. साठीला आलेला माणूस, पण मान अजून खांबासारखी. लग्न केलं नाही, बाईच्या सावलीला उभे राहिले नाहीत. रस्त्याने जाताना समोरून बाई आली तर नजर जी खाली जायची ती कोपरा येईपर्यंत वर यायची नाही. त्यापायी दोनदा म्हशीला धडकले होते. त्यांनी दार लावून घेतलं.

"आग हुती?"

मी मान हलवली.

"खाज? पांढरं साचतंय? वास?"

सगळं बरोबर. मला वाटलं, वस्ताद म्हणजे खरंच अंतर्ज्ञानी.

"बाई कोण?"

"कोण बाई?"

"हिंदुराव, मला शेंड्या लावू नगो. ही आग उगंच हुत न्हाई. ही कशानं हुती ते मला ठावं हाय. कोण ती?"

"आईशपथ वस्ताद, कुणी न्हाई! मी बाईच काय, हात बी..."

"लंगोटाचा सैल गडी ह्या मातीत चालत न्हाई. पेटी उचल. जत्रंतली कुस्ती इलाही धरंल."

कुस्ती गेली तर गेली, पण गावाकडं काय तोंड दाखवणार? माझा बाप रोज संध्याकाळी पारावर बसून 'आमचं पोरगं लंगोटाचं पक्कं' म्हणून सगळ्या गावाला ऐकवत होता. आता तेच पोरगं पेटी घेऊन एस्टीतून उतरणार, आणि कशामुळे, तर ह्या असल्या रोगामुळे! पारावरची माणसं काय काय बोलतील ते मला आत्ताच ऐकू यायला लागलं. मी वस्तादांचे पाय धरले. रडलोही. लाज कसली त्यात, मी चांगला भोकाड पसरून रडलो.

"डाक्टरकडं चला वस्ताद," मी म्हणालो. "तुमच्या म्होरं तपासू द्या. डाक्टर म्हणाला बाईचं हाय, तर मी तिथनंच एस्टी धरतो."

वस्तादांनी पाय सोडवून घेतले. मग म्हणाले, "चल."

वस्तादांकडे एक लुना होती. आमच्यासारखे दोन गडी बसल्यावर ती इतकी दबायची की लांबून बघणाऱ्याला आम्ही हवेतूनच चाललोय असं वाटावं. पाय दोन्हीकडे टाकून बसणं मला शक्यच नव्हतं. त्यामुळे मी नव्या नवरीसारखा एका बाजूला पाय सोडून बसलो, हात वस्तादांच्या खांद्यावर. भर बाजारातून आमची मिरवणूक निघाली. रस्त्यात जेवढे खड्डे होते तेवढे वस्तादांनी घेतले, आणि प्रत्येक खड्ड्याला मी माझ्या धाकट्या चुलतीची आठवण काढली. फुलवाल्याने तर हातातला हार खाली ठेवून नमस्कार केला.

दवाखान्याच्या पाटीवर डॉ. मगदूम एवढंच लिहिलं होतं. आम्ही आत शिरलो तर खुर्चीत तिशीची एक बाई. गळ्यात स्टेथोस्कोप, केस वर बांधलेले.

वस्तादांची नजर जमिनीला भिडली. "डाक्टर हाईत का?"

"मीच. बोला, कोणाला काय होतंय?"

वस्ताद परत फिरले, पण दारात मी आडवा. माझं भवितव्य त्या खोलीत होतं आणि मी काही हलणार नव्हतो. शेवटी वस्तादांनी तोडगा काढला. स्टूल भिंतीकडे वळवलं आणि आमच्याकडे पाठ करून बसले. त्यांच्या नाकासमोर गरोदर मातांच्या आहाराचा तक्ता होता. तपासणी संपेपर्यंत त्यांनी तो वाचला.

डॉक्टरबाईंनी हातमोजे चढवले आणि मला पडद्याआड झोपायला सांगितलं. मी डोळे गच्च मिटून मारुतीस्तोत्र सुरू केलं.

"किती दिवस झाले?" त्यांनी विचारलं. "मधुमेह आहे का घरात कुणाला? ही कातडी आधी मागे जात होती?"

"ठावं न्हाई."

"म्हणजे?"

"कधी घेऊन बघितली न्हाई."

"आंघोळ करता ना?"

"दोनदा! पर वरनं."

"आतून कधीच धुतलं नाही?"

"हात लावायचा न्हाई अशी शपथ हाय."

"कोणी घातली?"

भिंतीकडचं स्टूल करकरलं.

डॉक्टरबाईंनी सलाईनच्या पाण्यात कापूस भिजवून हळूहळू साफ करायला घेतलं. झोंबत होतं, पण लिंबापुढे काहीच नव्हतं. मग त्या एकदम थांबल्या. कापूस उजेडात धरला.

"हे तांबडं काय आहे?"

"माती," मी म्हणालो.

"माती? कसली?"

पडद्याच्या पलीकडून, भिंतीला सांगितल्यासारखा आवाज आला. "तालमीची हाय. हळद, कापूर, लिंबू, तेल, ताक. लई औषधी."

"असेल हो काका. पण इथं आखाडा नाही."

माझ्या पोटात हसू उसळलं आणि मी ते दाबलं, कारण हललो की दुखत होतं. सगळं उरकल्यावर त्यांनी हात धुतले, मला बोलावून समोर बसवलं आणि कागदावर मलमाचं नाव लिहायला लागल्या. वस्ताद तक्त्याकडेच तोंड करून होते. त्यांनी तसंच विचारलं.

"बाई, एकच सांगा. ह्ये बाईमुळं झालंय का?"

"बाई?" डॉक्टरबाईंनी मान वर केली. "अहो, बाईचा काय, इथं पाण्याचासुद्धा संबंध आलेला नाही! कातडीच्या आत रोज थोडा पांढरा मळ तयार होतो. सगळ्यांनाच होतो, त्यात पाप नाही. धुतला नाही की साचतो, मग सूज येते. ह्यांच्याकडे मळ, घाम, माती, ताक, सगळंच साचलंय."

"म्हंजी पोरगं..."

"पोरगं अगदी स्वच्छ चालीचं आहे. फक्त अस्वच्छ आहे."

वस्तादांचे खांदे सैल पडले. मी मात्र आधीच मोठ्याने हसत सुटलो होतो. मी सुटलो होतो! एवढा लंगोटाचा पक्का की डॉक्टरने कापसावर पुरावा दाखवावा! मला तो कापूस बापाकडे पाठवून द्यावासा वाटला.

"कापाय लागंल का?" मी विचारलं.

"कापायची काही गरज नाही, धुवायची गरज आहे. आज साखर तपासून जा. तीन-चार दिवस कुस्ती नाही, लंगोट नाही, सैल सुती चड्डी. सूज उतरली की जत्रेत खुशाल लढा."

दुसऱ्या दिवशी सकाळी वस्तादांनी सगळ्या गड्यांना हौदाभोवती उभं केलं. त्यांनी एवढ्या कुस्त्या मारल्या असतील, पण त्या दिवशीइतका घाम त्यांना फुटलेला मी बघितला नाही. तीनदा खाकरले.

"गड्यांनो, ठेवीला हात लावायचा न्हाई असं मी म्हणत आलो. ते... तांब्याचं भांडं बी नुसतं ठिवलं की हिरवं पडतंय. घासाय लागतंय. तर आजपासनं रोज, आंघोळीला, फुडची कातडी हळू मागं घ्यायची. हळू! जोर लावायचा न्हाई, समोर कोण वैरी न्हाई. जेवढी जाती तेवढीच. साध्या पाण्यानं धुवायचं. आत साबण न्हाई. माती न्हाई. टिपून कोरडं करायचं. आन मग कातडी परत फुडं आणायची. मागंच ठिवून कोण हौदात उतरला तर सुजून बसंल, आन मग माझ्याशी गाठ हाय."

कुणी हसलं नाही. हसलं असतं तर त्याची हाडं राहिली नसती. सगळे पायांच्या अंगठ्यांनी माती उकरत होते, आणि त्यातल्या निम्म्यांचे चेहरे बघून मला कळलं की खाजवायला मी एकटाच नव्हतो.

"वस्ताद," इलाहीने हात वर केला. "म्या काय करायचं?"

"तू पाणी तापव."

मग जो काही हशा पिकला! वस्तादांनी तोंड फिरवलं, पण त्यांची पाठ गदगदत होती. त्याच दिवशी सगळे लंगोट धुवायला निघाले. तालमीच्या अंगणात दोऱ्या बांधून लाल-निळे लंगोट वाळत पडले, आणि रस्त्यावरची माणसं विचारायला लागली की औंदा जत्रा इतक्या लवकर कशी आली. आम्ही एकमेकांच्या अंगावर पाणी उडवत होतो, उगीच हसत होतो. तीन-चार दिवसांत माझी आग गेली, सूज उतरली. जत्रेत हलगी कडाडली आणि मी समोरच्याला पाचव्या मिनिटाला आस्मान दाखवलं. त्याने माझ्या लंगोटाच्या पट्टीत हात घातला तेव्हा मी नुसता हसलो होतो.

जत्रेच्या दुसऱ्या दिवशी गडी आपापल्या गावी गेले होते. मीही निघणार होतो. वस्ताद कट्ट्यावर बसून होते, समोर चहा तसाच गार.

"हिंदुराव, ती डाक्टरीण आज असती का?"

"असंल की. का? कुणाला काय झालं?"

ते हौदाकडे बघत बोलले. "माझी मागंच जात न्हाई."

मला आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा मी हळूच त्यांच्या शेजारी बसलो.

"तुझ्याएवढा हुतो," ते म्हणाले. "अशीच जत्रा. पाळण्यात एक बाई बसली हुती. पाळणा खाली आला, ती हसली, आन मी बघितलं. शपथ चालू हुती, तरी बघितलं. नुसतं बघितलं, बरं का. फुडच्याच म्हैन्यात ही आग लागली. म्हटलं, मारुतीनं शिक्षा दिली. तवापास्नं येती, जाती. कातडी पार आकसून गेली."

"आन कुणाला सांगितलं न्हाई?"

"काय सांगू? पाप केलंय म्हणून?" मग त्यांचे डोळे एकदम मिश्कील झाले. "तू किंचाळलास तवाच मी वळखलं. म्हटलं, आपुन नुसतं बघितलं तर एवढं झालं. ह्यानं काय काय केलं आसंल!"

मला हसू आवरेना. त्यांनाही आवरेना. ते मांडीवर थापा मारून हसत होते, मी कट्ट्यावर आडवा झालो होतो. ह्या माणसासमोर मी असा कधी हसेन असं मला वाटलं नव्हतं. हसता हसता त्यांनी धोतराच्या सोग्याने डोळे पुसले, आणि मग बराच वेळ पुसतच राहिले.

आम्ही दवाखान्यात गेलो. या वेळी वस्ताद पडद्याआड आणि मी तक्त्यासमोर. डॉक्टरबाई हळू आवाजात समजावत होत्या. मलम लावून बघू, जबरदस्तीने मागे ओढायचं नाही, नाहीच सैल झाली तर छोटी शस्त्रक्रिया करू, साखरही तपासू. वस्ताद 'व्हय, व्हय' म्हणत होते. मग जरा थांबून त्यांनी विचारलं, "बाई, नुसतं बघितल्यानं ह्ये हुतं का वो?"

"बघितल्यानं? कोणाला?"

"बाईला."

"नाही हो काका," डॉक्टरबाई म्हणाल्या. "बघितल्यानं काहीसुद्धा होत नाही."

बाहेर आलो तेव्हा पायऱ्यांवर लहान पोरांना घेऊन बायका बसल्या होत्या, लस टोचायला आलेल्या. वस्ताद त्यांच्यामधून वाट काढत चालले, नजर सवयीने खाली. लुनापाशी पोचल्यावर थांबले. हँडलवर हात ठेवून उभेच राहिले.

"त्या पाळण्यातल्या बाईशीच माझं लगीन ठरलं हुतं, हिंदुराव," ते म्हणाले. "असला पापी माणूस तिच्या गळ्यात कशाला, म्हणून मी मोडलं. तिचा बाप पाया पडला, तरी मोडलं."

मी त्यांच्या हातातून किल्ली घेतली आणि मागे बसायची खूण केली. ते बसले नाहीत. त्यांनी मान वर केली आणि पायऱ्यांवरच्या त्या बायकांकडे एकेक करून बघायला लागले.